युबारी: जे राहिले त्यांच्या वाट्याचं कर्ज

जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर, सप्पोरोच्या पूर्वेला साधारण ६० किलोमीटरवर युबारी नावाचं शहर आहे. क्षेत्रफळ ७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहून जास्त. २०२० च्या जनगणनेत तिथे ७,३३४ माणसं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक पासष्टीच्या पुढची होती. ‘शहर’ असा दर्जा असलेल्या जपानी गावांमध्ये सर्वांत म्हातारं म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. दुसरी ओळख त्याहून कटू. २००७ साली युबारीच्या नगरपालिकेचं दिवाळं निघालं आणि त्या वेळी अंगावर आलेली देणी ते गाव पुढे वीस वर्षं फेडत बसलं.

लोकसंख्या म्हातारी होण्याचे आर्थिक परिणाम आपल्याकडे बहुतेक देशाच्या पातळीवर बोलले जातात: पेन्शनचा बोजा, आरोग्यावरचा खर्च, काम करणाऱ्यांचा घटता वाटा. पण हा भार प्रत्यक्षात कुठे, कुणाच्या अंगावर पडतो हे पाहायचं तर एका गावाच्या जमाखर्चात शिरावं लागतं. युबारीकडे बोट दाखवून ‘म्हाताऱ्यांनी शहर बुडवलं’ असं म्हणणारे भेटतात. माझ्या मते हे साफ चुकीचं आहे. युबारी बुडालं ते निघून जाणाऱ्या लोकांच्या भरवशावर काढलेल्या कर्जामुळे. वृद्धत्वाने पुढचं काम केलं. लोकसंख्या घटली तसं कर्ज घटलं नाही, आणि ते वाटून घेणारे दरवर्षी कमी होत गेले.

कोळसा संपल्यावर

१९६० च्या सुमाराला युबारीत १ लाख १६ हजारांवर लोक राहत होते. दोन डझन कोळशाच्या खाणी होत्या. घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, पाणी कंपनीचं, सार्वजनिक न्हाणीघरसुद्धा कंपनीचं. पुढे जपानने खनिज तेलाची वाट धरली आणि खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. १६ ऑक्टोबर १९८१ रोजी नव्या युबारी खाणीत वायूचा स्फोट झाला आणि आग लागली. आत अडकलेल्या काही जणांचा पत्ता लागलेला नसताना आग विझवण्यासाठी खाणीत पाणी सोडायचं ठरलं आणि कंपनीने त्यासाठी घरच्यांची संमती मागितली. एकूण ९३ माणसं गेली. कंपनी कोसळली, खाण पुढच्या वर्षी बंद झाली. १९९० मध्ये युबारीतली शेवटची खाणही मिटली. १९८० साली जवळपास ४२ हजार असलेली लोकसंख्या दहा वर्षांत २१ हजारांवर आली.

जे गेले ते तरुण होते. चाळिशीच्या आतला खाणकामगार बायकामुलांना घेऊन सप्पोरोला किंवा थेट तोक्योच्या बाजूला नोकरी शोधायला गेला. पन्नाशी ओलांडलेल्याला नवी नोकरी कोण देणार? तो तिथेच राहिला. कमी मुलं जन्मल्यामुळे समाज हळूहळू म्हातारा होतो ही एक गोष्ट, पण युबारीत ते एका पिढीच्या आत घडलं, कारण वरचा थर जागेवर राहिला आणि खालचा निघून गेला. आर्थिकदृष्ट्या हा प्रकार जास्त घातक. देशातला तरुण देशातच राहतो, त्याचा कर देशालाच मिळतो. गावातला तरुण गेला की गावाला काहीच मिळत नाही.

कंपनी गेली, पण तिची घरं, नळ, दवाखाना जागच्या जागी होते आणि त्यात माणसं राहत होती. हे सगळं नगरपालिकेने विकत घेतलं. खाणी बंद झाल्यानंतरच्या या आवराआवरीचा खर्च ५,८३० कोटी येन झाला आणि त्यातले ३,३२० कोटी नगरपालिकेने कर्जाने उभे केले. युबारीच्या कहाणीत पुढच्या पर्यटन प्रकल्पांची चर्चा फार होते, या रकमेची कमी. मला हे अन्यायाचं वाटतं. खाजगी कंपनीने नफ्याच्या काळात बांधलेला पसारा तोट्याच्या काळात सार्वजनिक तिजोरीवर आला. त्यात गावच्या लोकांची चूक कुठे होती?

१९७९ पासून २००३ पर्यंत नाकाता तेत्सुजी हे महापौर होते. ‘कोळशाकडून पर्यटनाकडे’ ही त्यांची हाक. कोळशाच्या इतिहासाचं उद्यान, करमणुकीची यंत्रं, यंत्रमानवांचं संग्रहालय, हॉटेल असं बरंच उभं राहिलं. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि गाजलाही. नाकातांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण हजारो लोकांची रोजीरोटी एका झटक्यात गेलेली असताना गावाच्या प्रमुखाने हातावर हात ठेवून बसावं, अशी अपेक्षा कोण करील? शिवाय कोळसापट्ट्याच्या विकासासाठी केंद्राचा खास कायदा होता, त्याखाली अनुदान आणि कर्जाची परवानगी दोन्ही मिळत होतं. चूक झाली ती पुढे. स्की-मैदान आणि हॉटेल चालवणाऱ्या खाजगी कंपनीने काढता पाय घेतल्यावर नगरपालिकेने तीही मालमत्ता विकत घेतली. २००२ मध्ये एकट्या स्की-मैदानापोटी २६० कोटी येन मोजले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी कोळसापट्ट्याचा तो कायदा मुदत संपून रद्द झाला होता.

मार्चअखेरची फिरवाफिरव

तोटा इतकी वर्षं लपला कसा, हे जरा सविस्तर पाहायला हवं, कारण म्हाताऱ्या होत जाणाऱ्या कुठल्याही नगरपालिकेला हा मोह होऊ शकतो.

जपानमध्येही आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिल ते ३१ मार्च. पण नगरपालिकेची सरत्या वर्षाची वही ३१ मेपर्यंत उघडी ठेवता येते, म्हणजे मार्चपर्यंतची येणी-देणी त्या दोन महिन्यांत पुरी करता येतात. एप्रिल आणि मे हे दोन महिने अशा रीतीने एकाच वेळी दोन वर्षांच्या वह्यांत असतात. युबारीत नेमकी ही फट वापरली गेली. नव्या वर्षाच्या सर्वसाधारण खात्यातून जुन्या वर्षाच्या पर्यटन खात्याला उसने पैसे द्यायचे. जुन्या खात्यात ती जमा दिसते, सर्वसाधारण खात्याकडून आधी घेतलेलं उसनं फिटल्यासारखं होतं, वही बरोबरीत बंद. नव्या खात्यात पडलेला खड्डा बँकेच्या अल्पमुदतीच्या कर्जाने भरायचा. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच, फक्त आकडा मोठा. अल्पमुदतीचं कर्ज त्याच वर्षात फिटतं असं गृहीत असल्यामुळे वार्षिक ताळेबंदात ते ठळकपणे दिसत नसे. असं करता करता ते २,९०० कोटी येनच्या आसपास पोचलं.

२००६ च्या जूनमध्ये हे फुटलं. नाकातांनंतर महापौर झालेल्या गोतो केन्जी यांनी नगरपालिका स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नसल्याचं जाहीर केलं. फेडायचा तुटीचा आकडा ठरला ३,५३० कोटी येन, गावाच्या नेहमीच्या वार्षिक उत्पन्नाच्या आठपट. २००५ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या होती १३,००१. भागाकार केला तर माणशी २७ लाख येन होतात. त्या १३ हजारांत चाळीस टक्के लोक पासष्टीच्या पुढचे होते, आणि उरलेल्यांत शाळकरी मुलंही आली.

मार्च २००७ मध्ये युबारीचा कारभार केंद्राच्या देखरेखीखाली गेला. मुदत १८ वर्षांची ठरली. पुढे नव्या कायद्याखाली तुटीच्या जागी ३,२२० कोटी येनचे खास रोखे काढून वेळापत्रक पुन्हा मांडलं गेलं, आणि शेवटचा हप्ता मार्च २०२७ अखेर संपणाऱ्या वर्षात पडतो.

काटकसर म्हणजे काय काय

रहिवासी कर वाढला, मालमत्ता कर वाढला, छोट्या गाड्यांवरचा कर दीडपट झाला, सांडपाण्याची पट्टी जवळजवळ पावणेदोनपट. कचरा उचलायलाही पैसे पडू लागले. ग्रंथालय बंद. सगळ्या प्राथमिक शाळा मिळून एक शाळा आणि माध्यमिकही एकच. १७१ खाटांचं नगरपालिका रुग्णालय आटून १९ खाटांचा दवाखाना उरला, जोडीला वृद्धांसाठी ४० खाटांचं शुश्रूषा केंद्र. डायलिसिस बंद झालं, रुग्णांना बाहेरगावी जावं लागलं. नगरपालिका कर्मचाऱ्यांचे पगार सरासरी तीस टक्के कापले गेले आणि मार्च २००७ अखेर निम्म्याच्या आसपास कर्मचारी नोकरी सोडून गेले. जे राहिले ते दोघातिघांचं काम एकट्याने करू लागले. होक्काइदोचा हिवाळा उणे दहाच्याही खाली जातो. अशा थंडीत संध्याकाळी पाचला कचेरीतली ऊब बंद व्हायची आणि माणसं स्कीचे जाड कपडे चढवून रात्री उशिरापर्यंत टेबलावर बसलेली असायची.

या कपातीचा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. कर तरुण आणि म्हातारे दोघांवरही वाढले, पण शाळा गेली ती तरुण कुटुंबाची. नोकरीतला पगार कापला गेला तो तरुणाचा. त्याला जाता येत होतं, तो गेला. ऐंशी वर्षांच्या आजी कुठे जाणार? देणी फेडण्यासाठी केलेल्या प्रत्येक कपातीने देणी फेडू शकणाऱ्यांना गाव सोडायला आणखी एक कारण दिलं. सुझुकी नाओमिची महापौर असतानाच्या काळात गावाचं स्वतःचं करउत्पन्न वर्षाला ८० कोटी येनच्या आसपास होतं आणि वार्षिक हप्ता सुमारे २६० कोटींचा. हप्ता करांच्या तिप्पट! अर्थातच हप्त्याचा मोठा भाग केंद्राकडून येणाऱ्या अनुदानातून भरला गेला. म्हणजे जे अनुदान गावाला रस्ते, शाळा आणि आरोग्यासाठी मिळतं, ते आधीच्या पिढीच्या देण्यांकडे वळलं. २६० कोटींना १३ हजारांनी भागलं तर माणशी दोन लाख येन येतात. सात हजारांनी भागलं तर पावणेचार लाख होतात, आणि यात कर्ज एका येननेही वाढलेलं नाही.

दवाखान्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. २००७ मध्ये डॉ. मुराकामी तोमोहिको यांनी त्याची सूत्रं हाती घेतली आणि घरी जाऊन उपचार, वृद्धांच्या तोंडाची स्वच्छता, न्यूमोनियाची लस अशा साध्या गोष्टींवर भर दिला. रुग्णालय आटूनही गावातला मृत्यूदर लक्षणीय वाढला नाही, असं नंतर तिथे काम केलेल्या डॉक्टरांनी आकडे देऊन मांडलं. ऐकायला दिलासा वाटतो, आणि त्यात शिकण्यासारखंही आहे: फार वयाच्या माणसाला खाटेपेक्षा घरी येणारी नर्स जास्त उपयोगी पडते. तरीही रुग्णालय कमी करण्याचं समर्थन म्हणून हा दाखला वापरू नये असं मला ठामपणे वाटतं. ज्यांना मोठ्या उपचारांची गरज होती त्यांतले काही गावातूनच गेले होते आणि गेलेला माणूस गावच्या आकड्यात येत नाही.

पेन्शनवर चालणारं गाव

वृद्ध गाव म्हणजे पैसा नसलेलं गाव, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात अशा गावात दर दोन महिन्यांनी खात्रीचा पैसा येतो, कारण जपानमध्ये सरकारी पेन्शन सम महिन्यांच्या १५ तारखेला दोन महिन्यांची मिळून जमा होते. किराणा दुकान, टॅक्सी, न्हावी, रॉकेलवाला सगळे त्यावर चालतात. पेन्शन केंद्राची, म्हणजे साऱ्या देशातल्या कमावत्यांच्या वर्गणीतून आलेली. एका अर्थी तोक्योतला तरुण युबारीचं दुकान चालवतो.

पण पेन्शनवर करसवलत मोठी. त्यामुळे गावात पैसा फिरतो आणि नगरपालिकेच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. दुसऱ्या बाजूला खर्चातला वाटा तिचाच. २००० साली जपानने दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्गणी भरायची, आणि हातपाय थकले की घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, शुश्रूषागृह हे सगळं मुख्यतः दहा टक्के खर्च सोसून मिळवायचं. सेवांचा अर्धा खर्च वर्गण्यांतून आणि अर्धा करांतून येतो. करांच्या अर्ध्यात नगरपालिकेचा वाटा एकूण खर्चाच्या साडेबारा टक्के, आणि विमा चालवण्याची जबाबदारीही तिचीच. पासष्टीपुढच्यांची वर्गणी दर तीन वर्षांनी नगरपालिका ठरवते, म्हणजे गाव म्हातारं तशी ती वाढण्याकडे झुकते. केंद्र आपल्या वाट्यातला काही भाग जास्त वयस्कर गावांकडे वळवतं, म्हणून ही व्यवस्था टिकली आहे. युबारी उभं राहिलं त्यात या विम्याचा आणि पेन्शनचा हात फार मोठा. वृद्धांचा खर्च देशभर वाटला गेला. खाणीच्या आणि स्की-मैदानाच्या कर्जाचा बोजा गावावरच राहिला. यातल्या कशाने गाव मोडलं, हे इथे स्पष्ट दिसतं.

ही पेन्शनसुद्धा कायमची नाही. नव्वदीला टेकलेली आई सप्पोरोला मुलीकडे राहायला गेली की तिची पेन्शन तिच्याबरोबर जाते. रॉकेलवाल्याचं एक घर कमी होतं आणि अनुदानाच्या सूत्रातलं एक डोकंही.

गाव आवरायला घेणं

सुझुकी हे मूळचे तोक्यो महानगराच्या सरकारचे कर्मचारी. २००८ मध्ये मदतीला म्हणून युबारीत आले आणि २०११ मध्ये तिशीत तिथलेच महापौर झाले. त्यांच्या कामातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, गाव पुन्हा वाढेल असं त्यांनी लोकांना सांगितलं नाही. गाव लहान होणारच आहे, ते नीट लहान करू, असं धोरण २०१२ मध्ये ठरलं. शिमिझुसावा भागाभोवती वस्ती गोळा करायची, दूरच्या दऱ्यांतल्या वस्त्या हळूहळू आवरायच्या.

कागदावर हे सोपं दिसतं. दऱ्यादऱ्यांत पसरलेल्या खाणवस्त्यांत लिफ्ट नसलेल्या चार-चार मजली चाळी, एकेका इमारतीत मोजकी बिऱ्हाडं. बर्फ संपूर्ण रस्त्यावरचा उपसायचा, पाण्याची वाहिनी गोठू नये म्हणून संपूर्ण जपायची, मग आत दोन माणसं असोत की दोनशे. मायाची वस्तीत नगरपालिकेने विखुरलेल्या भाडेकरूंना त्याच वस्तीतल्या मोजक्या इमारतींत एकत्र आणलं. आधी बैठका झाल्या, घरोघर बोलणं झालं, मग दुरुस्ती, मग सामान हलवणं. चाळीस वर्षं एका खोलीत काढलेल्या बाईला समोरच्या इमारतीत जा म्हणणंही जड असतं. म्हणून वस्ती तोडून थेट शहराच्या मध्यावर नेण्याऐवजी आधी वस्तीतल्या वस्तीत एकत्र येण्याची पायरी ठेवली गेली. शेजारपाजार शाबूत राहिला. हे मला मनापासून पटतं.

रेल्वेच्या बाबतीत त्यांनी आणखी धाडस केलं. कोळसा वाहण्यासाठी १८९२ मध्ये आलेली युबारीची शाखा-रेल्वे तोट्यात होती. २०१६ मध्ये सुझुकींनी स्वतःहून कंपनीला सांगितलं की मार्ग बंद करा, पण बदल्यात बससेवेला मदत करा. १६ किलोमीटरचा तो मार्ग १ एप्रिल २०१९ रोजी बंद झाला आणि बसवाहतुकीसाठी कंपनीकडून ७५ कोटी येन मिळाले. काठी टेकत चालणाऱ्याला घराजवळ थांबणारी बस जास्त सोयीची, हे खरंच आहे. हॉटेलं आणि स्की-मैदान विकण्याचा व्यवहार मात्र फसला. २०१७ मध्ये सुमारे २२ कोटी येनला दिलेली मालमत्ता दोन वर्षांत कितीतरी जास्त किमतीला पुढे विकली गेली, आणि २०२० च्या डिसेंबरात चालवणारी कंपनीच बुडाली. त्याआधी, २०१९ च्या निवडणुकीत, सुझुकी होक्काइदोचे राज्यपाल झाले होते. जपानमध्ये हे पद लोकांनी निवडून द्यायचं असतं.

कोकणातल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे आटले आणि गावात मागे राहिले ते बहुतेक म्हातारे. तरी फरक मोठा आहे. कोकणातलं बंद घर मुंबईकराच्या मालकीचं असतं, त्यावर घरपट्टी लागू राहते, गणपतीत ते उघडतं. युबारीतली रिकामी घरं खाण कंपनीकडून नगरपालिकेने घेतलेली, तिच्याच मालकीची. ती रिकामी पडली की भाडं बुडतं आणि देखभाल वाढते. आपल्या ग्रामपंचायतींनी काढलेली कर्जं युबारीच्या जवळपासही नाहीत. पण गावं ओस पडत असताना नळयोजना आणि शाळाखोल्या कुणाच्या संख्येवर आखायच्या, हा प्रश्न रत्नागिरीत आज उभा आहे.

कर्ज देणाऱ्यांचं काय झालं?

युबारीनंतर २००७ मध्येच जपानने स्थानिक संस्थांच्या आर्थिक प्रकृतीविषयी कायदा केला. आता सर्वसाधारण खात्याबरोबर विशेष खाती आणि नगरपालिकेच्या कंपन्याही एकत्र धरून चार गुणोत्तरं दरवर्षी जाहीर करावी लागतात. युबारीची जुनी फिरवाफिरव आज चालणार नाही. सुधारणा चांगली आहे, पण अर्धीच आहे.

वर्षानुवर्षं अल्पमुदतीचं कर्ज फिरवून देणाऱ्या बँकांना या गावाचं उत्पन्न माहीत नव्हतं का? १३ हजारांच्या, चाळीस टक्के वृद्ध असलेल्या गावाला त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या कित्येक पट रक्कम त्या देत राहिल्या, कारण जपानमध्ये सरकारी संस्थेचं कर्ज बुडत नाही ही खात्री होती. आणि तसंच झालं. होक्काइदोच्या प्रांतिक सरकारने अर्धा टक्का व्याजाने पैसा पुढे केला, बँकांची मुद्दल पूर्ण फिटली. कर्ज देणाऱ्यांनीही थोडा तोटा सोसावा, अशी तरतूद आणण्याची चर्चा जपानमध्ये झाली, पण ती कायद्यात आली नाही. युबारीच्या लोकांनी शाळा, ग्रंथालय आणि रुग्णालयाच्या खाटा दिल्या. बँकांनी काहीही गमावलं नाही. २०१४ मध्ये मासुदा हिरोया यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने ८९६ जपानी गावं-शहरं पुढे नामशेष होऊ शकतात असा इशारा दिला. त्यांतल्या कुठल्याही गावाला कर्ज देताना बँकेला आजही त्याचं वय विचारात घेण्याची गरज वाटत नाही, कारण तो धोका तिचा नाहीच.